वाळूची डबी

आषाढात समुद्र बंद.
मालवणात शिबाडं झापांखाली झाकलेली,
मस्कतेला जाणारं कुणी नाही.
तरी दर सोमवारी आऊसाहेबांचं बोलावणं येतं.
मी ओलं उपरणं पिळून उंबऱ्याबाहेर ठेवतो,
बोरू तासतो, पडद्याकडे पाठ करून बसतो.
आधी पायांतले तोडे वाजतात, मग आवाज.

चिरंजीव राजश्री सुभानराव यांसी
अनेक आशीर्वाद उपरी येथील क्षेम...

क्षेम लिहिलंस?
लिहिलं.
मग पुढं घे.

घोड्याचे दात दिवसा बघ, मशालीत सगळेच तरुण दिसतात.
कपाळावर भोवरे दोन असले तर
अरब कितीही गोड बोलो, पाठ फिरव.
खजूर मोजून खा. पोटाचा तू पहिल्यापासून नाजूक.
होनांची थैली उशाशी नको, चोर आधी उशी चाचपतो.
पायाशी ठेव.

मग बराच वेळ नुसता पाऊस.
"धन्यांची उजवी बाजू गेली. पेज ओठांवरून ओघळते.
सदरेवर भाऊजी बसतात, शिक्काही त्यांच्याच कमरेला."
बोरू धावतो, आणि त्या म्हणतात, हे नको.
खोडू?
खोडलेलं तो उन्हात धरून वाचतो, लहानपणापासूनची खोड.
कागद बदल.

रद्द कागद घरी न्यायचे नाहीत, असा हुकूम.
ब्रह्मपुरीच्या उतारावर उभा राहून
मी ते पंचगंगेच्या लाल पाण्यात सोडतो.
नदी ते वाडीला कृष्णेच्या हवाली करणार,
कृष्णा पूर्वेच्या समुद्राला.
मुलगा पश्चिमेच्या समुद्रापलीकडे.
खरं एका बाजूला चाललंय, क्षेम दुसऱ्या.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तोडे वाजले नाहीत.

गावाला ठाऊक होतं. मीही तेराव्याला जेवून आलो होतो.
अग्नी भाऊजींनी दिला; भर पावसात लाकडं धुमसत राहिली,
वरून तूप ओतावं लागलं.
आणि तिकडे सुभानराव
मिशीला पीळ देत एखाद्या कुमैताचा भाव पाडत असतील.

लिही, येथील क्षेम.

मी लिहिलं.

घोडी घेतल्याखेरीज गलबतात पाय ठेवू नकोस.
घोडी तर पथक, पथक तर आपली तीन गावं.
मागं काय चाललंय याची काळजी न करणे.
थांबल्या. मग म्हणाल्या,
"वडिलांचे आशीर्वाद, असंही घाल."

बोरू जागीच राहिला. शाईचा थेंब पडला.
डाग पडला का?
पडला. कागद बदलू?
नको. पुष्कळ कागद बदलले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी
अकरा पत्रं मेणकापडात बांधली.
येसा जासूद ओसरीवर जोड्याला तेल लावत बसलेला,
फोंड्याचा घाट उतरून चार दिवसांत मालवण म्हणत होता.
थैलीला गाठ मारणार तोच आतून आलं:
"शेवटचं पत्र इकडं दे. आणि बोरू."

त्यांना लिहिता येतं हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.
बोरू कुरकुरत होता, धरणी चुकलेली,
एकेका अक्षराला श्वास लागत होता.
एक ओळ असेल. फार तर दीड.

पडद्याखालून कागद सरकला.
वाळू घाल, वाचू नकोस.

मी डोळे मिटले आणि वाळू घातली.
बोटांनी अंदाज घेत झटकली, डबीत परत ओतली,
चाचपतच घडी घातली.

त्या रात्री गंगावेशीतल्या अडत्याचा गुळाचा हिशेब होता.
साडेसात मण, वजा तूट, वजा दस्तुरी.
त्यावर तीच वाळू घातली.
झटकल्यावर तुटीच्या आकड्यापाशी
दोन-तीन काळे कण चिकटून राहिले.
नखानं काढता आले असते.
नाही काढले.